प्रत्येक फीचरला स्वतःचा आकडा: के-सिक्स वापरल्यानंतरचे परीक्षण

पतसंस्थांसाठी आम्ही जी संगणकप्रणाली सांभाळतो, तिच्या मूळ अपेक्षापत्रात वेगाबद्दल एकच वाक्य होते: 'प्रणालीने ९५ टक्के वेळा एका सेकंदाच्या आत प्रतिसाद द्यावा.' हे वाक्य आम्ही दर महिन्याला पाळत होतो, तसा अहवालही पाठवत होतो, आणि त्याच महिन्यांत खातेउतारा वेळेवर निघत नाही अशा शाखांच्या तक्रारीही येत होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सर्व्हरवर येणाऱ्या दर १०० विनंत्यांपैकी साधारण ८० शिल्लक पाहण्याच्या, १६ रक्कम वर्ग करण्याच्या आणि अवघ्या ४ खातेउताऱ्याच्या असत. म्हणजे एकूण एक खातेउतारा दहा सेकंद घेऊ लागला, तरी बाकीच्या ९६ विनंत्या वेळेत असल्यामुळे ते वाक्य पाळलेच जात होते. उरलेल्या ५ टक्क्यांच्या सवलतीत एक अख्खे फीचर बुडून गेले होते आणि आमच्या अहवालाला त्याचा पत्ता नव्हता.

प्रत्येक फीचरची अपेक्षा वेगळी लिहिता यावी आणि ती पाळली गेली की नाही हे माणसाने आठवणीने न तपासता बिल्डनेच, म्हणजे कोडमधून प्रणाली आपोआप तयार करणाऱ्या प्रक्रियेनेच, तपासावे, या गरजेपोटी आम्ही सुमारे दोन वर्षांपूर्वी के-सिक्स हे साधन वापरायला घेतले. भारचाचणीचे, म्हणजे एकाच वेळी अनेक विनंत्या पाठवून प्रणाली पारखण्याचे, साधन म्हणून ते प्रसिद्ध आहेच. एका यंत्रावरून किती भार निर्माण करता येतो, याच्या तुलना भरपूर वाचायला मिळतात. हे परीक्षण मात्र गुणवत्तेच्या अपेक्षा लिहिण्याचे आणि त्या आपोआप तपासण्याचे साधन म्हणून ते कसे आहे, एवढ्यापुरतेच आहे. माझे मत आधीच सांगतो: हे साधन जरूर घ्यावे, मात्र ज्या फीचरचे मोजमापच झाले नाही त्याला ते बिनबोभाट उत्तीर्ण करते, या एका गोष्टीचा बंदोबस्त पहिल्या दिवशीच करावा.

साधनाची ओळख थोडक्यात. लोड इम्पॅक्ट या स्वीडिश कंपनीने ते तयार केले आणि २०१७ साली मुक्त स्रोत म्हणून खुले केले. जून २०२१ मध्ये ग्राफाना लॅब्ज या कंपनीने ते आपल्याकडे घेतले आणि मे २०२५ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. आतले यंत्र गो भाषेत लिहिलेले आहे, आपण लिहायची चाचणी मात्र जावास्क्रिप्टमध्ये असते आणि आता टाइपस्क्रिप्टही थेट चालते. एकच फाइल उतरवायची आणि चालवायची, सोबत दुसरे काही बसवावे लागत नाही. त्यामुळे पाइपलाइनच्या, म्हणजे कोडमधील बदल आपोआप तपासणाऱ्या व्यवस्थेच्या, यंत्रावर ते उभे करायला आम्हाला अर्धा दिवसही लागला नाही. परवाना एजीपीएल ३ चा आहे. आपल्या यंत्रावर चालवायला पैसे पडत नाहीत. ग्राफानाच्या क्लाउडवर चालवायचे असेल तर सशुल्क सेवा आहे, ती आम्ही वापरलेली नाही.

आकडे कुठून आणायचे, हा साधनाच्या आधीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कोणतेही साधन देत नाही. त्यासाठी आम्ही तालुक्याच्या गावातील एका शाखेत दोन दिवस रोखपालांच्या मागे खुर्ची टाकून बसलो. खातेदार खिडकीशी येतो, पासबुक पुढे सरकवतो, रोखपाल खाते क्रमांक टाकतात आणि नोटा मोजायला घेण्यापूर्वी एकदा पडद्यावरच्या शिलकीकडे नजर टाकतात. पासबुक उघडेपर्यंत ती शिल्लक दिसली, तर मध्ये संगणक आहे याची कोणालाच जाणीव होत नाही. दोन सेकंद लागले, की रोखपाल तेच बटण पुन्हा दाबतात आणि सर्व्हरकडे एकाऐवजी दोन विनंत्या जातात. खातेउताऱ्याचे गणित निराळे आहे. तो मागितल्यावर उठून प्रिंटरपर्यंत जाण्यात आणि कागद सरळ करण्यात पाच-सहा सेकंद जातातच, त्यामुळे उतारा चार सेकंदांत तयार झाला तर कोणाचाही खोळंबा होत नाही. रक्कम वर्ग करताना वेग दुय्यम असतो; व्यवहार झाला की नाही झाला हे खात्रीने कळावे लागते, कारण अर्धवट राहिलेली नोंद पुन्हा केली आणि ती दुबार पडली तर संध्याकाळी रोकड जुळत नाही, आणि रोखपालांना सर्वांत मोठी धास्ती त्याचीच असते. एका सेकंदाचे ते सरसकट वाक्य या तिघांपैकी एकालाही लागू पडत नव्हते: शिलकीसाठी ते फार सैल होते, उताऱ्यासाठी विनाकारण कडक होते आणि रक्कम वर्ग करण्याच्या बाबतीत ते भलत्याच गोष्टीबद्दल बोलत होते.

अपेक्षा लिहिताना आम्ही अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने रूढ केलेली सहा भागांची मांडणी घेतली: विनंती कोणाकडून येते, ती काय आहे, कोणत्या परिस्थितीत येते, प्रणालीच्या कोणत्या भागावर येते, प्रणालीने काय करावे आणि ते कशाने मोजावे. त्यानुसार शिलकीची अपेक्षा अशी झाली: 'कामकाजाच्या दिवशी गर्दीच्या वेळी, सेकंदाला ४० विनंत्या येत असताना, रोखपालांनी खात्याची शिल्लक विचारली, तर शिल्लक-सेवेने त्याच खात्याची अचूक शिल्लक द्यावी आणि १०० पैकी ९५ वेळा ती ३०० मिलिसेकंदांच्या आत द्यावी.' के-सिक्सबद्दल मला मनापासून आदर वाटू लागला तो इथे, कारण या वाक्याच्या जवळपास प्रत्येक तुकड्याला त्याच्या स्क्रिप्टमध्ये स्वतःची जागा आहे. परिस्थिती आणि भार 'सिनॅरिओ'मध्ये जातात, प्रणालीचा भाग 'टॅग'मध्ये, म्हणजे विनंतीला लावलेल्या नावाच्या चिठ्ठीमध्ये, जातो, प्रणालीने काय करावे हे 'चेक'मध्ये जाते आणि मोजमाप 'थ्रेशोल्ड'मध्ये, म्हणजे ओलांडू नये अशा उंबरठ्यामध्ये. अपेक्षापत्रातले वाक्य आणि यंत्राने तपासायची ओळ यांच्यात एरवी जे भाषांतर करावे लागते आणि ज्यात निम्मा अर्थ गळतो, ते इथे फार कमी करावे लागते.

थ्रेशोल्डची ओळ अगदी साधी असते. डावीकडे मोजमापाचे नाव आणि महिरपी कंसात टॅग, उजवीकडे अट. प्रतिसादाच्या वेळेच्या मोजमापापुढे कंसात 'फीचर:शिल्लक' असा टॅग आणि त्यासमोर 'पी(९५)<३००' (म्हणजे १०० पैकी ९५ विनंत्या ३०० मिलिसेकंदांच्या आत) असे लिहिले, की फक्त त्या टॅगच्या विनंत्या वेगळ्या काढून त्यांच्यावरच ती अट लावली जाते. खातेउताऱ्यासाठी तशीच दुसरी ओळ, तिच्यात ४०००. रक्कम वर्ग करण्यासाठी अपयशाच्या प्रमाणावर 'रेट<०.००१' अशी तिसरी. चाचणी संपल्यावर यांपैकी एकही अट मोडली असेल, तर के-सिक्स ९९ हा एक्झिट कोड, म्हणजे काम संपताना कळवायचा क्रमांक, देऊन थांबते. शून्याखेरीज कोणताही कोड आला की पाइपलाइन तिथेच लाल होते आणि मर्ज, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळणे, अडतो. अट लवकर मोडली तर चाचणी तेथेच थांबवण्याचीही सोय आहे, आणि सुरुवातीचे काही सेकंद सर्व्हर तापायला लागतात ते धरू नयेत म्हणून हा निर्णय ठरावीक वेळ पुढे ढकलता येतो. आम्ही ती सोय रात्रीच्या लांब चाचणीत वापरतो. जी अट पाचव्या मिनिटाला मोडली आहे, तिच्यासाठी उरलेला तास यंत्र चालवण्यात हशील नसते.

भार कसा द्यायचा, याबाबत नवख्या संघांनी थोडे थांबून विचार करावा. साधन सुरू करून पहिले उदाहरण चालवले, की ठरावीक संख्येचे आभासी वापरकर्ते मिळतात. त्यांतील प्रत्येक जण एक विनंती पाठवतो, उत्तराची वाट पाहतो आणि मग पुढची पाठवतो. याचा परिणाम असा, की सर्व्हर मंदावला की विनंत्याही आपोआप कमी येऊ लागतात आणि आकडे वास्तवापेक्षा बरे दिसतात. खिडकीमागचे रोखपाल असेच वागतात, त्यामुळे शाखांच्या पडद्यांसाठी ही पद्धत योग्यच आहे. मोबाईल ॲपवरचे खातेदार मात्र एकमेकांची वाट पाहत नाहीत. त्यांच्यासाठी 'कॉन्स्टंट अरायव्हल रेट' हा प्रकार आहे, ज्यात सर्व्हर कितीही मंद झाला तरी सेकंदाला ठरलेल्या संख्येने नव्या फेऱ्या सुरू होत राहतात. आपण राखून ठेवलेले आभासी वापरकर्ते पुरले नाहीत तर ज्या फेऱ्या सुरूच होऊ शकल्या नाहीत त्या 'ड्रॉप्ड इटरेशन्स' या नावाने मोजल्या जातात. त्या मोजमापावरही आम्ही एक अट लावून ठेवली आहे, कारण ठरलेला भार प्रत्यक्षात दिलाच गेला नसेल तर बाकीच्या हिरव्या ओळींना काही अर्थ राहत नाही.

वेगाइतकाच अचूकतेचा प्रश्न आहे, आणि येथे साधनाची एक सवय समजून घ्यावी लागते. 'चेक' म्हणजे उत्तरात अपेक्षित गोष्ट आहे का याची तपासणी. ती अयशस्वी झाली तर के-सिक्स तिची नोंद घेते, पण केवळ तेवढ्याने चाचणी पडत नाही. चाचणी पाडायची असेल तर चेकच्या प्रमाणावर वेगळी थ्रेशोल्ड लावावी लागते. शिवाय विनंती 'अयशस्वी' कशाला म्हणायचे, हे मुळात उत्तराच्या एचटीटीपी क्रमांकावरून, म्हणजे सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत पाठवतो त्या स्थितीच्या क्रमांकावरून, ठरते आणि २०० ते ३९९ मधले सर्व क्रमांक यशस्वी धरले जातात. सत्र संपल्यामुळे सर्व्हरने शिलकीऐवजी लॉगिनचे पान २०० क्रमांकाने परत पाठवले, तर ते यश ठरते. वर ते पान हलके असल्यामुळे चटकन येते आणि वेगाचा आकडाही सुधारतो. म्हणून प्रत्येक फीचरसाठी उत्तराच्या मजकुरातील एक ठोस गोष्ट तपासावी. आम्ही शिलकीच्या उत्तरातला खाते क्रमांक पाठवलेल्या क्रमांकाशी ताडून पाहतो.

आता ज्या गोष्टीचा बंदोबस्त करावा असे मी सुरुवातीला म्हटले, तिच्याकडे येतो. सुरुवातीला आमच्या संघाने थ्रेशोल्ड एका फाइलमध्ये आणि टॅग दुसऱ्या फाइलमध्ये हाताने लिहिले होते. थ्रेशोल्डमध्ये 'खातेउतारा' असे एका शब्दात लिहिले गेले, विनंतीच्या टॅगमध्ये त्याच्या मध्ये एक अधोरेषा पडली. दोन नावे जुळेनात, त्यामुळे त्या अटीच्या वाट्याला एकही विनंती आली नाही. पर्सेंटाइल (९५ वा पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९५ विनंत्या ज्या वेळेच्या आत येतात ती वेळ) काढायला आकडेच नसले तर के-सिक्स तो शून्य धरते आणि शून्य हा ४००० पेक्षा कमी असतो, म्हणून ओळ हिरवी. मोजमापाचेच नाव चुकले असते तर साधनाने सुरुवातीलाच अडवले असते. टॅगची किंमत काय असावी हे मात्र त्याला कळण्याचा मार्ग नाही. त्याच सुमारास डेटाबेसच्या एका बदलात व्यवहारांच्या तक्त्यावरचा एक इंडेक्स, म्हणजे नोंदी चटकन शोधण्याची सूची, आमच्याच हातून काढला गेला आणि उतारा अकरा सेकंदांवर गेला. तीन आठवडे रोज रात्री त्या ओळीपुढे हिरवी खूण येत होती. शेवटी एका शाखेतून फोन आला तेव्हा आम्ही अहवाल पुन्हा उघडला आणि त्या खुणेच्या शेजारी लिहिलेला आकडा पहिल्यांदा वाचला: पी(९५)=०. वर्षभराच्या व्यवहारांचा उतारा शून्य सेकंदांत तयार होत असल्याचे आमचा अहवाल एकवीस दिवस सांगत होता आणि आम्ही फक्त रंग पाहत होतो.

यावरचा उपाय साधनाच्या आतच सापडतो, कारण के-सिक्सच्या सगळ्या सेटिंग्ज म्हणजे साध्या जावास्क्रिप्ट वस्तू असतात आणि त्या हाताने लिहिण्याऐवजी दुसरीकडून तयार करता येतात. आम्ही सर्व अपेक्षा एका जेसॉन फाइलमध्ये, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, आणल्या. प्रत्येक फीचरची एक नोंद. तिच्यात फीचरचे नाव, सेकंदाला किती विनंत्या, वेळेची मर्यादा, अपयशाचे प्रमाण, हा आकडा कोणाशी बोलून ठरवला आणि कधी ठरवला. स्क्रिप्ट सुरू होताना ही फाइल वाचते आणि तिच्यातूनच सिनॅरिओ, टॅग आणि थ्रेशोल्ड तिन्ही बनवते, त्यामुळे नावांत फरक पडायला जागाच उरत नाही. त्याखेरीज प्रत्येक फीचरसाठी 'विनंत्यांची संख्या शून्याहून अधिक असावी' अशी एक जादा अट आपोआप जोडली जाते. मोजमाप झालेच नसेल तर ही अट पडते आणि बिल्ड लाल होतो. ही व्यवस्था लिहायला एका सहकाऱ्याला एक दिवस लागला. के-सिक्स वापरणाऱ्या प्रत्येक संघाने ती पहिल्याच आठवड्यात करावी असे मी आग्रहाने सांगेन, आणि असे काही साधनातच अंगभूत असायला हवे होते हेही तितक्याच स्पष्टपणे सांगेन.

या फाइलचा जो उपयोग आम्ही कल्पिला नव्हता, तो आज मला सर्वांत मोलाचा वाटतो. अपेक्षा गिटमध्ये, म्हणजे फाइलमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, राहू लागल्यामुळे अपेक्षेलाही इतिहास मिळाला. मध्यंतरी शिलकीच्या सेवेत आणखी एक पडताळणी घालावी लागली आणि तिचा वेळ ३४० मिलिसेकंदांवर गेला. तेव्हा संबंधित सहकाऱ्याने कोड बदलण्याबरोबर ३०० चा आकडा ४५० करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, टाकली. जुन्या पद्धतीत हा बदल कोणाला दिसलाही नसता. आता तो एका ओळीचा लाल-हिरवा फरक म्हणून समोर आला आणि आमच्या व्यवसाय-विश्लेषक ताईंनी, ज्या एरवी कोड वाचत नाहीत, तिथेच प्रश्न विचारला: शाखेशी बोलून ठरवलेला आकडा कोणाशी बोलून बदलला? चर्चा झाली, पडताळणीचा निकाल काही मिनिटे साठवून ठेवण्याचा तोडगा निघाला आणि ३०० चा आकडा जागेवर राहिला. अपेक्षा बदलू नयेत असे अजिबात नाही; खातेउताऱ्याची मर्यादा आम्ही नंतर रीतसर बदललीही आहे. पण बदल कोणी केला, कधी केला आणि का केला, हे आता त्या ओळीशेजारीच सापडते.

मोजमापाच्या विश्वासार्हतेबद्दल दोन शब्द, कारण अनेक संघ इथेच कंटाळून साधन सोडून देतात. पाच मिनिटांच्या चाचणीत, सेकंदाला ४० या दराने, शिलकीच्या १२,००० विनंत्या होतात. त्यांचा ९५ वा पर्सेंटाइल बऱ्यापैकी स्थिर राहतो. खातेउतारा सेकंदाला २ या दराने फक्त ६०० वेळा मागितला जातो, आणि त्याचा ९९ वा पर्सेंटाइल म्हणजे सर्वांत मंद सहा विनंत्यांचा खेळ. त्या सहांपैकी दोन विनंत्या डेटाबेसच्या एखाद्या नियमित कामात अडकल्या की बिल्ड उगाच लाल होतो, आणि दोनदा उगाच लाल झालेला बिल्ड तिसऱ्यांदा कोणी गांभीर्याने घेत नाही. म्हणून कमी वापराच्या फीचरवर ९९ वा पर्सेंटाइल लावू नये. रक्कम वर्ग करण्याच्या २,४०० विनंत्यांत ०.००१ या प्रमाणाने दोन अपयशे चालतात आणि तिसऱ्याला बिल्ड पडतो. अट लिहितानाच हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. दुसरे म्हणजे, पाइपलाइनची यंत्रे इतरांबरोबर वाटून घेतलेली असतील तर त्यांच्यावरचे मिलिसेकंद भरवशाचे नसतात. आम्ही प्रत्येक पुल रिक्वेस्टवर एका मिनिटाची चाचणी चालवून फक्त अचूकता तपासतो, आणि वेळेच्या अटी रात्री, राखून ठेवलेल्या यंत्रावर तपासतो.

उणिवा आणखीही आहेत. अट नेहमी ठरावीक आकड्याशीच ताडली जाते. 'मागच्या रिलीजपेक्षा १० टक्क्यांहून अधिक मंद नको' अशी अपेक्षा थेट लिहिता येत नाही. चाचणीच्या शेवटी येणारा सारांश फाइलमध्ये साठवून आणि पुढच्या वेळी तो वाचून आम्ही हे साधले आहे, पण तो जोडधंदा आपला आपणच करावा लागतो. प्रतिसादाच्या वेळेचे जे मुख्य मोजमाप आहे, त्यात विनंती पाठवणे, उत्तराची वाट पाहणे आणि उत्तर मिळणे एवढेच धरले जाते. सर्व्हरचे नाव शोधून जोडणी उभी करण्याचा वेळ त्यात नसतो. त्यामुळे ३०० मिलिसेकंद म्हणजे शाखेतल्या पडद्यावरचे ३०० मिलिसेकंद नव्हेत, हे अपेक्षा ठरवताना समोरच्या माणसाला सांगून ठेवावे. प्रत्येक आभासी वापरकर्त्यासाठी जावास्क्रिप्टचे वेगळे यंत्र उभे राहते आणि साध्या चाचणीतही त्याला १ ते ५ एमबी स्मृती लागू शकते. हजारांच्या संख्येने वापरकर्ते हवे असतील तर यंत्र त्या बेताने निवडावे. आणि भाषा जावास्क्रिप्ट असली तरी आतले यंत्र नोडचे (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रचलित यंत्रणेचे) नाही, त्यामुळे नोडवर अवलंबून असलेली तयार पॅकेजेस चालतील अशी अपेक्षा धरू नये. आमच्या दोन तरुण सहकाऱ्यांचा यात एक दिवस गेला.

पडद्यावरचा अनुभव मोजायचा असेल तर साधनातच ब्राउझर चालवण्याची सोय आहे आणि तिच्यातून पानाचा मुख्य भाग दिसायला लागलेला वेळ, क्लिकला मिळालेला प्रतिसाद, पान उघडताना मजकूर किती हलला, अशी मोजमापे मिळतात, त्यांच्यावरही थ्रेशोल्ड लावता येते. गुगलने यांसाठी सुचवलेल्या मर्यादा, म्हणजे अनुक्रमे २.५ सेकंद, २०० मिलिसेकंद आणि ०.१, आम्ही खातेदारांच्या संकेतस्थळासाठी सुरुवातीचे आकडे म्हणून घेतल्या. ब्राउझर जड असतो, म्हणून आम्ही त्याचे दोनच आभासी वापरकर्ते ठेवतो आणि बाकीचा भार साध्या विनंत्यांनी देतो. ही जोडी चांगली जमते.

मात्र गुणवत्ता म्हणजे एवढेच नव्हे. आयएसओ २५०१० या मानकाच्या २०२३ च्या आवृत्तीत सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचे नऊ पैलू दिलेले आहेत. त्यांपैकी कार्यक्षमता बरीचशी आणि विश्वासार्हता अंशतः, एवढीच के-सिक्सच्या आवाक्यात येते. सुरक्षितता, देखभालीची सुलभता, दृष्टिबाधित खातेदारांना पान वाचता येणे यांच्या अपेक्षाही फीचरनिहाय लिहायला हव्यात आणि त्यांची तपासणी वेगळ्या साधनांनी करायला हवी. आमच्या जेसॉन फाइलमध्ये त्यांच्यासाठी रकाने आहेत, काही भरले आहेत, बरेच रिकामे आहेत.

पर्यायांचा विचार करणाऱ्यांसाठी एवढे सांगतो, की अपाचे जेमीटर आमच्याकडे आधी होते आणि भार देण्यात ते कमी नाही. पण त्याची चाचणी एक्सएमएलमध्ये साठवली जाते, पुल रिक्वेस्टमध्ये ती वाचून काय बदलले हे सांगणे जिकिरीचे होते, आणि एकेका विनंतीला वेळेची अट लावता आली तरी पर्सेंटाइलवरून बिल्ड पाडायचा तर प्लगिन किंवा दुसरे साधन जोडावे लागते. लोकस्ट पायथनमध्ये आहे आणि पायथनच्या संघांना ते जवळचे वाटेल. तिथे अटी तपासून एक्झिट कोड ठरवण्याचा कोड आपण लिहायचा असतो. गॅटलिंगमध्ये अशा अटींची चांगली सोय आहे, आणि ज्यांचा संघ जावा किंवा स्कालामध्ये मुरलेला आहे त्यांनी तेही पाहावे. आम्ही के-सिक्सवर राहिलो ते मुख्यतः अपेक्षेची ओळ कोड न वाचणाऱ्या माणसालाही वाचता येते म्हणून.

ज्या संघात दोन-तीन माणसेच आहेत त्यांनी सगळी फीचर एकदम घेऊ नयेत. ज्या फीचरबद्दल प्रत्यक्ष तक्रार आली आहे ते एक घ्यावे, ते वापरणाऱ्या माणसाजवळ बसून त्याचा आकडा ठरवावा, आणि तेवढीच एक नोंद फाइलमध्ये घालून रात्रीची चाचणी सुरू करावी. आमच्याकडे सुरुवातीला तीन नोंदी होत्या, आज सतरा आहेत.

अठरावी नोंद मार्चअखेरीची आहे. ३१ मार्चच्या आधीच्या आठवड्यात व्याजाचा दाखला आणि वर्षाचा उतारा मागणारे खातेदार एकदम येतात आणि उताऱ्याचा भार एरवीच्या पाचपट होतो. त्या परिस्थितीसाठी वेगळा सिनॅरिओ लिहून, सेकंदाला १० उतारे या दराने, आठ सेकंदांची मर्यादा आम्ही तीन शाखाधिकाऱ्यांशी बोलून ठरवली आहे. सध्या ती ओळ रोज रात्री लाल येते. कालचा आकडा १२.६ सेकंद होता. उतारे आधीच तयार करून ठेवण्याचे काम सुरू आहे, आणि ती ओळ हिरवी होईपर्यंत मर्यादेच्या आकड्याला हात लावायचा नाही असे संघात ठरले आहे.